एस्तूला घरी आणायचं

रविवार, २१ जानेवारी १९३४. जळगाव.
आज उपासनेत, प्रवचनाआधी, आमचे पाळक शालिग्रामभाऊ यांनी जाहीर केलं : खानदेशातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचा वार्षिक मेळा यंदाही धुळ्याला, पांझरेच्या काठी, ८ फेब्रुवारीपासून रविवारपर्यंत. निर्णय तिथल्या तिथे घेतला. जायचं. आणि येताना एस्तूला घेऊनच यायचं.

हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही. पूर्ण विचार केला. प्रवचन चालू होतं, तेवढा वेळ पुरला.

यंदा रोजनिशीत सगळं सविस्तर लिहायचा संकल्प आहे, म्हणून घरचंही लिहितो. एस्तू म्हणजे एस्तेर, आमची नात. सालोमीची मुलगी. सालोमी विषमज्वरानं गेली तेव्हा ही तान्ही होती. जावई मगन धुळ्याला मिशनच्या शाळेत मास्तर. एकटा पुरुष, शाळा सांभाळणार की पोर? आजवर नेटानं ओढलं बिचाऱ्यानं. आता त्याला मोकळं करणं माझं कर्तव्य.

घरी येऊन बेबाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, मगनला विचारलंत का?
त्याला काय विचारायचं. नाही म्हणणारच नाही.

सालोमीच्या बाबतीत मी आता पूर्ण सावरलो आहे. मंडळीत लोकांना नवल वाटतं. बेबाचं तसं नाही. तिनं पोरीचं लुगडं अजून ट्रंकेत तळाशी ठेवलंय. मी कधी ट्रंक उघडत नाही.

बुधवार, २४ जानेवारी.
लीव्ह मागितली. जिनिंगला ऐन सीझन, कपाशीच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, तोताराम, गेल्या वर्षी तुमच्या मंडळीचे लोक तुम्हाला धुळ्याच्या मेळ्याला न्यायला आले, तेव्हा तुम्हीच म्हणालात सीझन आहे, हलता येत नाही. यंदा सीझन नाही का?
मी म्हटलं, साहेब, यंदा कौटुंबिक काम आहे.
त्यांनी लगेच सही केली. माझ्या शब्दाला किंमत आहे. गेल्या वर्षी खरोखरच सीझन होता. धुळ्याला जायला मी घाबरतो असं बेबानं तेव्हा शेजारी सांगितलं होतं. बायकांना जिनिंगचं काय कळतं.

शनिवार, २७ जानेवारी.
पुना मिस्त्रीकडून पांगुळगाडा करून घेतला. सागाचा. पुनानं विचारलं, पोर केवढी? म्हटलं, रांगते. मी शेवटचं पाहिलं तेव्हा रांगतच होती. आमच्याच ओसरीवर, मगन घेऊन आला होता तेव्हा.
गाडा घरी आणला. बेबानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अहो, ती आता अडीच वर्षांची असेल.
असेल. पण गाडा चांगला झालाय. चाकं जरा वाजतात.

मंगळवार, ३० जानेवारी.
सगळ्या गल्लीला सांगून झालं. समोरच्या भिकुबाईनं नातीची जुनी झबली देऊ केली. नको म्हटलं. आमच्या पोरीला आम्ही नवी शिवू. बेबानं शिवायला घेतलीही. मात्र मापाला कोण आहे? अंदाजानं कापते, उसवते, परत कापते.

तपकीर सोडली. लहान पोर घरात येणार, शिंका बऱ्या नव्हेत.

संध्याकाळी बेबा म्हणाली, पाळकांच्या घरी बायका बोलत होत्या, मगनचं काहीतरी चाललंय म्हणे. मी म्हटलं, मास्तराचं काय चालणार, बदलीचं असेल. ती म्हणाली, दवाखान्यात कोणी प्रमिलाबाई नर्स आहे, एस्तू तिच्याजवळच असते दिवसभर. म्हटलं, बघ, मी काय म्हणत होतो! परक्या बाईच्या हातात पोर. आणखी एक कारण झालं.
बेबा झबल्याची बाही उसवत बसली.

शुक्रवार, २ फेब्रुवारी.
तपकीर पुन्हा घेतली. एकदम सोडणं डोक्याला चांगलं नाही असं ऐकलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी. चाळीसगाव स्टेशन, दुपारी.
धुळ्याची गाडी लागायची आहे. प्लॅटफॉर्मवर आमचीच माणसं : भुसावळची मंडळी, पहूरची दोन कुटुंबं, वळकट्या, तबला, भाकऱ्यांची गाठोडी. मी पांगुळगाडा घेऊन बसलोय. पहूरच्या एका गृहस्थानं विचारलं, हे स्वयंपाकाच्या कमिटीचं सामान का? मी सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, तुमची मुलगी ती सालोमी का, गळा फार गोड होता जिचा?
म्हटलं हो. आणि तिकिटांचं बघून येतो म्हणून उठलो. तिकिटं खिशातच होती.

धुळ्यातला प्रोग्राम मनात पक्का आहे. उद्या पोरीला भेटणं, तिला माझी सवय करणं. शुक्रवारी मगनशी बोलणं. शनिवारी पोरीचं सामान बांधणं. रविवारी प्रभुभोजन आणि निघणं. कुठेही आवाज चढवायचा नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. धुळे.
मोठा मेळा. नदीकाठी भला थोरला मंडप, मागे गावागावांच्या राहुट्या, बायकांच्या वेगळ्या. चुलाणांवर डाळीची पातेली. सकाळी बिहारच्या भूकंपात सापडलेल्यांसाठी प्रार्थना झाली, मंडपात हुंदके ऐकू येत होते. मी डोळे उघडे ठेवून एस्तूला शोधत होतो.

ती दुपारी दिसली. बेबानं ओळखली, मी नाही. मी रांगणारं पोर शोधत होतो. ही राहुट्यांच्या दोऱ्यांवरून उड्या मारत चालली होती. सालोमीची हनुवटी. तस्सं वळून बघणं. बेबानं माझी बाही धरली.

मी पुढे झालो. म्हटलं, एस्तू, ये. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, गाड्याकडे पाहिलं. गाडा तिनं ओळखला नाही, पण आवडला. त्यात तिनं दोन दगड आणि एक कुत्र्याचं पिल्लू बसवलं आणि ढकलत निघून गेली. मी मागोमाग चाललो तर पळायला लागली आणि एका बाईच्या पदरात शिरली. सावळी, उंच बाई. कपाळावर घाम, हातात पाण्याची बादली. तिनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, सलाम नाना. मी प्रमिला.
म्हटलं, सलाम. पोर लाजते वाटतं.
ती म्हणाली, सवय नाही तिला. होईल.

बाई सभ्य वाटली. पगारी असावी. एस्तूला आम्ही नेल्यावर तिला दुसरं काम सहज मिळेल. मगनला सांगून ठेवीन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी.
मगनशी बोलणं झालं. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं!

सकाळच्या सभेनंतर तो मला नदीच्या बाजूला घेऊन गेला. वाळला आहे. कानांजवळचे केस पांढरे झालेत. चपला काढल्या, परत घातल्या. मग म्हणाला, नाना, मला तुमच्याकडे एक मागायचं होतं. जळगावला येणार होतो, पण पाय उचलेना. एस्तूच्या बाबतीत...

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. एवढा कसनुसा झालेला माणूस, त्याच्या तोंडून वदवून काय घ्यायचं? खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, मगन, मला ठाऊक आहे. मी तुझ्याआधी विचार केला आहे. पोरीचं भलं ज्यात, त्यात माझी संमती. सालोमीचीही असती. तू मनात काही ठेवू नकोस. मोकळा हो.

तो मग लहान मुलासारखा रडला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, नाना, तुमच्याएवढा मोठा मनाचा माणूस मी पाहिला नाही. प्रमिलेलाही सांगतो. तिलाच तुमची जास्त भीती वाटत होती.

साहजिक आहे, तिचं काम जाणार.

बेबाला सांगितलं. तिनं विचारलं, तो नेमकं काय म्हणाला? मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं पुन्हा सांगायला लावलं. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. आनंद झाला असणार. मग म्हणाली, त्याला तुम्ही बोलूच दिलं नाही ना?
म्हटलं, गरजच नव्हती.

शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळी.
सकाळची सभा. शालिग्रामभाऊ व्यासपीठावर. त्यांनी पवित्र शास्त्र मिटलं आणि म्हणाले, आज एका माणसाचं उदाहरण सांगतो. लेक गमावलेला बाप. त्याच्या जावयाला पुन्हा संसार मांडायचा होता, पण सासऱ्यापुढे तोंड उघडवेना. सासऱ्यानं काय केलं? त्यानं न मागताच संमती दिली. म्हणाला, पोरीचं भलं ज्यात, त्यात माझी संमती. मगन मास्तर आणि प्रमिलाबाई यांच्या लग्नाची पहिली पुकार उद्याच्या उपासनेत होईल, आणि आपले तोतारामनाना दोघांसाठी प्रार्थना करतील.

सगळा मंडप माझ्याकडे वळला. लोक उठून हात मिळवायला आले. पहूरच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी. भुसावळच्या एका म्हाताऱ्या बाईनं माझी नजर काढली. मी हसत होतो. गाल दुखायला लागले तरी हसत होतो.

बेबा बायकांच्या बाजूला बसली होती. तिला कालच कळलं होतं. तिनं मला का नाही सांगितलं?
विचारलं. म्हणाली, दोनदा विचारलं, तो नेमकं काय म्हणाला. तुम्ही म्हणालात, त्याला बोलू द्यायची गरजच नव्हती.

शनिवार, संध्याकाळी.
पण मी असा गप्प बसणारा नाही. मला फसवलं आहे. निदान मी फसलो आहे, एकच ते. पुकारीला विचारतात, कोणाची हरकत आहे का. उद्या मी उभा राहणार. हरकत घेणार. सगळ्या खानदेशासमोर.

हरकतीला पुरावा पाहिजे. डोक्यात एक आलं : सालोमीची कबर. दोन वर्षं झाली. मगन नव्या संसाराच्या नादात, कबर पडीक असणार, गवत माजलं असणार. ते आधी पाहायचं आणि उद्या सांगायचं की बघा, ज्याला मेलेल्या बायकोची आठवण नाही, त्याच्या हातात पोर कशी द्यायची. म्हणून कबरस्तानात गेलो. केवळ पुराव्यासाठी. मातीला आलो होतो त्यानंतर तिथं पाऊल टाकलं नव्हतं. वेळच मिळाला नव्हता.

बेबा सोबत आली. 

कबर शोधावी लागली नाही. चुना दिलेली, पांढरीशुभ्र. भोवती झेंडू, आळी करून लावलेला, पाणी घातलेला. माती अजून ओली होती. आणि कबरीच्या चिऱ्यावर एस्तू बसली होती, पाय हलवत, जसं पोर आपल्या ओट्यावर बसतं. प्रमिलाबाई वाकून वाळलेली फुलं खुडत होती. आम्हाला पाहून दचकली. म्हणाली, दर शनिवारी येतो आम्ही. एस्तूला सवय आहे.
बेबानं विचारलं, पोर हिला काय म्हणते? प्रमिलाबाई म्हणाली, आई. मला ती माई म्हणते. दोघींची गल्लत नको म्हणून मीच शिकवलं.

मी सालोमीचं नाव वाचलं. दगडावर एक काना मोडला आहे. ते सांगणार होतो. हरकतीचा मुद्दा होऊ शकला असता.

बेबा खाली बसली आणि तिनं ओल्या मातीवर हात ठेवला. तिचं माहेर धुळ्याकडचं. फार रागावली किंवा फार मऊ झाली की माहेरची बोली येते. माझ्याकडे न बघता म्हणाली, ''पोरले माय भेटनी. तुमले कसाले दुखस?''
पोरीला आई मिळाली, तुम्हाला का दुखतं, विचारते. मला काही दुखत नाही. उभं राहून पाय अवघडले होते, म्हणून मीही खाली बसलो. उठायला बेबाचा हात घ्यावा लागला.

तरी हरकत घेण्याचं ठरलेलं आहे. ठरलेलं बदलायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी. दुपारी.
जे झालं ते लिहितो.

उपासनेला मंडप शिगोशीग. मी पुढे बसलो. नवा कोट. शालिग्रामभाऊंनी पुकार वाचली : मगन, विधुर, धुळे मंडळी, प्रमिला, कुमारी, धुळे मंडळी. कोणाची हरकत असेल तर त्यानं आता उभं राहून सांगावं.

मी उभा राहिलो.

भाऊ हसले. म्हणाले, नाना घाईत आहेत. चला, डोळे मिटा, नाना प्रार्थना करतील. आणि अख्ख्या मंडपानं डोळे मिटले. एकाही माणसाचे डोळे उघडे नाहीत. हरकत घ्यायची तर कुणाकडे बघून? मगनही मान खाली घालून. प्रमिलाबाईच्या मांडीवर एस्तू झोपलेली, तोंड उघडं, एक हात त्या बाईच्या बांगडीत अडकलेला.

मग मी प्रार्थना सुरू केली. पाठ होती मला. लग्नाची प्रार्थना मी पूर्वी एकदाच केली होती, जळगावला, स्वतःच्या घरी. म्हटलं, हे स्वर्गीय पित्या, ही तुझी दोन लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत, यांचा संसार सुखाचा कर. यांच्या पदरी लेकरं दे. यांना आजारपणापासून राख. मगनला आणि सालोमीला दीर्घायुष्य दे.

मला कळलं नाही. मी पुढे बोलत राहिलो. सालोमीचा ताप उतरू दे म्हणालो. ती थकली आहे, तिला झोप लागू दे म्हणालो. तिचा गळा तुझ्या स्तुतीसाठी राहू दे. काय काय मागितलं ते सगळं आता आठवत नाही. मध्येच माझा आवाज मला ऐकू आला आणि मी थांबलो.

कोणी आमेन म्हणेना. एवढा मोठा मंडप, नदीवरचं धुणंसुद्धा ऐकू येत होतं. मी उभा. बसायचं कसं ते सुचेना.

तेव्हा पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. मोठ्यानं, स्पष्ट : ''आमेन.'' प्रमिलाबाई. तिच्या मागून मगन. मग बेबा, मग सगळा मंडप.

शालिग्रामभाऊंनी गायन सांगितलं. मी खाली बसलो. शेजारच्या माणसानं माझा कोट नीट केला.

जेवणाच्या पंगतीला मी गेलो नाही, राहुटीत बसलो. प्रमिलाबाई ताट घेऊन आली, मागून एस्तू. मला वाटलं आता बोलेल. माझं चुकलं हे मीच सांगायचं ठरवलं होतं, पण ताटाला जागा करू लागलो. तिनं ताट ठेवलं. म्हणाली, नाना, ती तुम्हाला काय म्हणू दे? अजून शिकवलेलं नाही. तुम्ही सांगाल ते शिकवते.
म्हटलं, सगळे नाना म्हणतात.
एस्तूनं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, हा माणूस का रडतो?
प्रमिलाबाई म्हणाली, माणूस नाही बाळा, नाना. नानाला त्याची मुलगी आठवली.
एस्तूनं थोडा विचार केला. मग माझ्या ताटातलं केळं उचललं, अर्धं सोललं, स्वतः एक घास खाल्ला आणि उरलेलं माझ्या तोंडाशी धरलं.

मी खाल्लं. 

बेबानं शिवलेली झबली प्रमिलाबाईला दिली. एकही बसलं नाही. सगळी तान्ह्या पोराच्या मापाची. प्रमिलाबाईनं ती परत केली नाहीत. दोघी तिथंच बसून टाके उसवायला लागल्या, जोडून एक परकर होतो का बघू म्हणाल्या.

सोमवार, १२ फेब्रुवारी. गाडीत.
स्टेशनवर मगन सोडायला आला होता. एस्तूला आणलं होतं. गाडी हलल्यावर तिनं सगळ्यांना हात हलवला, गार्डलासुद्धा.

बेबा खिडकीशी. मी तिला म्हटलं, उन्हाळ्यात आंबे घेऊन जाऊ. ती म्हणाली, तुम्ही याल? म्हटलं, येईन. सीझन संपलेला असतो तेव्हा.
हे लिहिलं आणि मग खोडणार होतो. राहू दे. सीझनचं कारण नको होतं. नुसतं येईन म्हणायचं होतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी. जळगाव.
कामावर गेलो. कपाशीच्या गाड्या तशाच रस्त्यापर्यंत. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, काम झालं? म्हटलं, नाही साहेब.

घरी आलो तर भिकुबाई आणि आणखी दोघीतिघी दारात. ओटीत गूळ-खोबरं, कुणी बाहुली आणलेली. पोर बघायला आल्या होत्या. भिकुबाई आत डोकावत म्हणाली, नाना, पोर कुठे? निजवली का?

उत्तरं खूप होती. थंडी आहे, प्रवास लांबचा, पुढच्या महिन्यात आणू. वाटेत तयार केली होती.

म्हटलं, आणली नाही. तिची आई सोडत नाही तिला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सालोमीच्या मातीला भिकुबाई स्वतः धुळ्यापर्यंत आली होती. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गूळ-खोबरं उंबऱ्यावर ठेवून सगळ्या निघून गेल्या.

आतून आवाज आला. बेबा ट्रंकेपाशी बसून रडत होती. दोन वर्षांत तिचा रडण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटायचं, ती सावरली नाही एवढंच, रडत मात्र नाही. ती मी घरात नसताना रडत असणार. रोज. आज थांबली नाही.

मी समजूत घालायला गेलो.  शेजारी बसलो, आणि मग मलाही आवाज फुटला.